बडगी कोणाच्या हाती

सविताला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, असं कोणी म्हटलं तर ते धादांत खोटं आहे. शेजारणीने नवा फ्रिज घेतला तेव्हा सविताने तो स्वतः पुसून दिला. नणंदेच्या मुलीला नोकरी लागली तेव्हा पेढे हिनेच वाटले. तिला बघवत नव्हतं ते फक्त एका माणसाचं. ते माणूस म्हणजे तिची धाकटी जाऊ, संघमित्रा.

सविताचं माहेर जामनेरकडचं एक खेडं. थोरली लेक म्हणून लहानपणीच चुलीपुढे बसली आणि लग्न होऊन अमळनेरला आली तेव्हाही आधी चूल कुठे आहे ते पाहिलं. नवरा समाधान लोकांची वऱ्हाडं पोहोचवता पोहोचवता एका जुन्या ट्रॅव्हलरचा मालक झाला. त्याने मागची बाकं काढली, झोपायला फळ्या ठोकल्या, कोपऱ्यात शेगडी बसवली, टपावर पाण्याची टाकी चढवली. घरात त्या गाडीला ‘बंगला’ म्हणतात. हॉटेलात राहणं परवडत नाही आणि सुट्टीत घरी बसवत नाही, अशा माणसांसाठी हा बंगला फार सोयीचा.

दर हिवाळ्यात नाताळच्या सुट्टीत सगळं कुटुंब बंगल्यात बसतं आणि सातपुड्याच्या पायथ्याला जातं. तिथे समाधानचा जुना दोस्त करमसिंग पावरा याचं शेत आहे. बांधावर गाडी लावायची, महूच्या झाडाखाली तंबू ठोकायचा, तिथेच रांधायचं, तिथेच लोळायचं. शेताच्या वरच्या अंगाला नाला आहे आणि नाल्यातून थोडं चढून गेलं की कातळात एक डोह लागतो. पोरं त्या डोहाबद्दल वर्षभर बोलत असतात. सविताने तो अजून पाहिलेला नव्हता.

पाहणार कधी? खान्देशातला माणूस शेतावर मुक्कामाला गेला आणि भरीत केलं नाही, असं कधी झालंय का? कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यावर हिरवी वांगी भाजायची, सोलायची आणि मिरच्या-लसणाबरोबर बडगीत ठेचायची. बडगी म्हणजे लाकडात कोरलेलं लांबट, खोलगट भांडं. या घरची बडगी सासूबाईंना त्यांच्या सासूकडून मिळालेली. सासूबाईंचं नाव द्रौपदाबाई, पण सगळं घर त्यांना अक्का म्हणतं. अक्का महूखाली बसून ठेचायच्या आणि सविता शेजारी बसून सोलायची. पोरं दरवर्षी हाका मारायची, “अक्का, डोहवर चला ना!” अक्का मान वर न करता म्हणायच्या, “भरीत व्हई जाऊ दे, मंग येसू.” भरीत होईपर्यंत ऊन उतरायचं, मग जेवणं, मग भांडी. डोह राहून जायचा.

पण सविताला त्याचं काही वाटत नव्हतं. अक्कांच्या मांडीला मांडी लावून बसायला मिळतंय, तेवढ्यानेच तिचं पोट भरत होतं. अक्का कौतुकाच्या बाबतीत भारी चिक्कू. नव्या नवरीच्या हातचं भरीत पहिल्यांदा खाल्लं तेव्हा त्या एकदाच म्हणाल्या होत्या, “हात चांगला शे तुना.” एवढ्या शिदोरीवर सविता इतकी वर्षं चालत आली होती.

आणि मग धाकट्या दिराचं, धम्मपालचं लग्न झालं. संघमित्रा जळगावची, तिथल्याच एका शाळेत शिकवणारी. पहिल्या सहलीला ती आली ती खांद्याला एकच कापडी पिशवी लावून. सविता मनात म्हणाली, हिचं काय खरं नाही. पण संध्याकाळी तंबू ठोकून होतोय तोवर संघमित्राने पिशवीतून कोरडा मसाला काढला. कांदा, खोबरं, लाल मिरची, सगळं घरीच भाजून दळून आणलेलं. तेलात मसाला, वर उकळतं पाणी, वाढताना मूठ-मूठ तिखट शेव. शेवभाजी तयार! सोबत दुधात मळलेल्या दशम्या. सविता लसूण सोलायला बसली होती, ती तशीच बसून राहिली. अक्कांनी ताट पुढे केलं. “आखो वाढ वं माय,” त्या म्हणाल्या.

आखो वाढ! सविताच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या वर्षांत अक्कांनी तिच्याकडे कधी दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं. खरं तर मागायची वेळच येत नसे, कारण सविता आधीच वाढून मोकळी व्हायची. पण हे तिला कोण सांगणार?

यंदा निघायच्या आधी अक्कांनी आपली सुजलेली मनगटं सगळ्यांना दाखवली. “औंदा मना हात चालत नही. बडगी सुनले दी टाकसू.” कोणत्या सुनेला, ते मात्र बोलल्या नाहीत. आणि सविताची झोप उडाली. थोरली म्हणून बडगी तिचीच, यात शंका नव्हती. पण मग अक्कांनी नाव का घेतलं नाही? ती आखो वाढवाली शेवभाजी त्यांच्या जिभेवर अजून आहे की काय? बडगी धाकटीच्या हातात गेली, तर आपण इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसलो ते कशासाठी?

तिने बाजारात जाऊन वांगी घेतली. एक पोतं घेतलं, थोडी चालली, परत फिरली आणि दुसरं घेतलं. भरीत असं करायचं की पिशवीतल्या मसाल्याची कोणाला आठवणही राहू नये. समाधान पोती टपावर चढवताना म्हणाला, “गावजेवन शे का?” सविता म्हणाली, “तुम्ही गाडी चालवा.”

पहिल्या दिवशी पुन्हा पिशवीचंच राज्य. सकाळी घरी भाजून, मिरची-कढीपत्ता घालून आणलेला रवा; उकळतं पाणी ओतलं की उपमा. दुपारी डाळ-तांदूळ-मसाला एकत्र बांधून आणलेली खिचडी, वर भाजलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. खर्च नाही, पसारा नाही, धुवायला एकच पातेलं. वाईट याचं की खिचडी चांगली झाली होती. सविताने ती दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा नाक मुरडलं.

“पानी वतं का झाया सैपाक! याले काय सैपाक म्हंतस?”

“पन चव शे ना,” समाधान ताट चाटत म्हणाला. सविता त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

संघमित्रा मात्र भांडं विसळून पोरांबरोबर डोहावर निघाली. जाताना म्हणाली, “ताई, तुम्ही पण चला. आता काय काम आहे?” काय काम आहे म्हणे! सविता मिरच्यांची देठं काढत बसली. ती उद्याही काढता आली असती.

दुसऱ्या दिवशी पऱ्हाट्या पेटल्या. दोन्ही पोती रिकामी झाली, धूर करमसिंगच्या घरापर्यंत गेला. वांगी भाजून, सोलून त्यांचा परातीत डोंगर झाला. अक्का तंबूतून बडगी घेऊन आल्या आणि महूखाली उभ्या राहिल्या. सविताने हात पदराला पुसले. तिने संघमित्राकडे पाहिलंच नाही.

“सविता, ले. आते तुनी.”

सविताने बडगी दोन्ही हातांनी घेतली. लाकूड गुळगुळीत आणि वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. मग तिने धाकटीकडे मान वळवली. ते तोंड पडलेलं तिला पाहायचं होतं, थोडं तरी. पण संघमित्रा हसत होती. “बरं झालं ताई, तुमच्याशिवाय कोणाला जमणार हे?” ती मनापासून बोलत होती, आणि सविताला त्याचाच राग आला.

मग संघमित्रा अक्कांकडे वळली आणि हात पुढे केला. “अक्का, आता तुमचे हात रिकामे झाले. चला डोहावर.”

सविताला वाटलं, अक्का ते नेहमीचं वाक्य म्हणतील. पण नाही. त्यांनी पदर कमरेला खोचला, सुजलेलं मनगट संघमित्राच्या हातात दिलं आणि चालायला लागल्या. पोरं ओरडत पुढे धावली. समाधान गेला, धम्मपाल गेला. नाल्याच्या वळणावर अक्कांचा पाय जरा अडखळला, तेव्हा संघमित्राने दुसरा हात त्यांच्या कमरेभोवती घातला.

सविता ते बघत राहिली. तिला हवी असलेली बडगी तिच्या मांडीवर होती आणि अक्का दुसरीच्या हाताला धरून निघाल्या होत्या. तिने वांगी बडगीत घातली आणि मुसळी उचलली. आत्तापर्यंत जळत होती ते काहीच नव्हतं, असं तिला वाटलं. हाताबरोबर तिची बडबड चालली होती. जा म्हणावं, जा, भिजा, पडा आजारी. वरून हसण्याचा आवाज येत होता. त्यात अक्कांचं हसणं कोणतं, ते तिला ओळखता येईना. अक्का मोठ्याने हसल्याचं तिने कधी ऐकलंच नव्हतं.

ऊन कलल्यावर अक्का परतल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, केसांना पाण्याचे थेंब. त्या सविताजवळ येऊन टेकल्या, अगदी मांडीला मांडी लागेल अशा.

“पानी भलतं थंड शे वं सविता. इतला वरीस मी येडी आठेच बशी ऱ्हायनी. ऊठ, चाल, तुले दाखाडस.”

“भरीत व्हई जाऊ द्या,” सविता मान वर न करता म्हणाली, “मंग येसू.”

आपलंच वाक्य ऐकून अक्का थबकल्या. सवितानेही मुसळी थांबवली. पोरांपैकी कोणीतरी फिसकन हसलं. अक्कांनी परातीकडे पाहिलं. वांगी अजून निम्मी बाकी होती.