जपानी गाडी, केंटकी आणि मी फेकलेली पत्रं

एप्रिलमध्ये शाळांना आठवड्याची सुट्टी लागली तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या श्रूजबरीतले निम्मे लोक फ्लोरिडाला गेले. मी माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला, इराला घेऊन केंटकीला गेलो. ‘केंटकीत काय आहे?’ हे मला ऑफिसात विचारलं, देवळात विचारलं, इंडियन स्टोअरच्या रांगेत विचारलं. मी सांगायचो, गाड्यांची फॅक्टरी आहे, बघण्यासारखी. ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं सांगायला मला बराच वेळ लागला. कुणाला हाच प्रवास करायचा असेल तर रस्त्याची आणि खाण्याची माहिती मध्ये मध्ये येईलच.

नागपूरहून मी एमएस करायला केंटकीत लेक्सिंग्टनला आलो, तेव्हा एका रिटायर्ड प्रोफेसरकडून एक जपानी सेडान घेतली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. तुमच्या पार्किंगमध्ये चार गाड्या असतील तर त्यातली एक तरी तिचीच असेल. नोकरीसाठी तिथून निघताना मी ती गाडी सुहास नावाच्या ज्युनिअरला दिली. बॉनेटला कुंकू लावलं, चावी त्याच्या हातात ठेवली आणि छाती फुगवून म्हणालो, ‘जपानी गाडी आहे यार. फक्त ऑईल बदलत राहा, हिला काही होत नाही.’ तेव्हापासून तिथल्या मराठी पोरांमध्ये रिवाजच पडला. जाणारा येणाऱ्याला गाडी देतो, कुंकू लावतो आणि हेच वाक्य म्हणतो. सुहास आता क्युपर्टिनोत मोठा माणूस झालाय, पण फोनवर ते वाक्य अजून माझ्याच आवाजात म्हणून दाखवतो.

मार्चमध्ये घरी एक पत्र आलं. मी ते न फोडता कचऱ्यात टाकणार होतो, कारण अशी पत्रं मला कितीतरी वर्षं येत होती. ‘तुमच्या गाडीची वॉरंटी संपतेय’ म्हणून पैसे उकळणारी पत्रं या देशात सगळ्यांनाच येतात, हेही त्यातलंच, असं मी धरून चाललो होतो. इरा ड्रायव्हिंग शिकतेय, त्यामुळे हल्ली गाडीचं काहीही दिसलं की वाचते. तिने पाकीट फोडलं.

“बाबा, धिस इज नॉट जंक मेल,” ती म्हणाली. “यात लिहिलंय, गाडी चालवू नका.”

पत्र लेक्सिंग्टनला सोडलेल्या त्या सेडानबद्दल होतं. तिच्या पॅसेंजर बाजूच्या एअरबॅगमध्ये एक भाग होता. तो दुसऱ्याच एका कंपनीने बनवलेला, आणि बऱ्याच ब्रँडच्या गाड्यांत बसवलेला. जुना झाला की अपघातात एअरबॅग उघडताना तो फुटू शकतो आणि धातूचे तुकडे समोर बसलेल्या माणसाच्या अंगात घुसू शकतात. बदलून फुकट मिळतो. गाडीच्या कंपनीने वर्षानुवर्षं पत्रं पाठवली होती. विद्यार्थी दर वर्षी अपार्टमेंट बदलतात, कुणाचा पत्ता टिकत नाही, म्हणून त्यांच्या कागदांत पक्का पत्ता बहुधा माझाच उरला होता. आणि मी ती पत्रं न उघडता फेकत होतो. किती फेकली ते आठवतच नाही.

मी सुहासला फोन केला, त्याने पुढच्याचा नंबर दिला, आणि तिसऱ्या फोनवर गाडीची आताची मालकीण सापडली. मृण्मयी. नागपूरचीच, पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला. मी एअरबॅगचं सगळं नीट समजावून सांगितलं.

“हो काका, बघते,” ती म्हणाली. “पण मे महिन्यात माझा थिसिसचा डिफेन्स आहे. तोपर्यंत श्वास घ्यायला वेळ नाही. आणि जपानी गाडी आहे हो, हिला काही होत नाही.”

पत्रं मी फेकली, हे तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही जमलं. त्याऐवजी म्हणालो, “मी येतोच तिकडे, सुट्टी आहे. मीच नेतो गाडी डीलरकडे.” ती ओशाळली, नको नको म्हणाली. मी बायकोला गॅरेजमध्ये नेऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, “जा. नाहीतर इथे बसून माझं डोकं खाशील.”

पहिला दिवस. सकाळी सहाला निघालो. रस्ता सोपा आहे: स्टर्ब्रिजवरून आय-८४ हायवे, स्क्रँटनच्या पुढे आय-८०, आणि मग पेनसिल्व्हेनिया संपता संपत नाही. टोल जाताना फारसा नाही. न्यूबर्गजवळ हडसन नदीवरच्या पुलाला आहे, पण तो परत येतानाच्या बाजूला. बायकोने मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी आणि दही-बुत्ती दिली होती. ती रेस्ट एरियाच्या बाकावर बसून खाल्ली. या रस्त्यावर शाकाहारी माणसाला फ्राइजशिवाय वाली नाही, म्हणून डबा घेऊनच निघा. झाडांना अजून पानं नव्हती. डोंगर राखाडी होते आणि मधूनच एखादं लाल कोठार दिसायचं. इराने दुपारी दोन तास गाडी चालवली, मी शेजारी बसलो. डॅशबोर्डकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जात होतं. आमची ही गाडी नवीन आहे, तिला असलं काही नाही, हे मला माहीत होतं. तरी जात होतं.

मुक्काम क्लॅरियन नावाच्या गावातल्या मोटेलमध्ये केला. तिथली मोटेल्स हायवेला लागूनच आहेत, स्वच्छ आहेत, सकाळी वॉफल मिळतं.

दुसऱ्या दिवशी ओहायो ओलांडला. कोलंबसपासून आय-७१, सिनसिनाटीला नदी पार केली की केंटकी. घोड्यांची कुरणं, काळ्या रंगाच्या लाकडी कुंपणांच्या रांगा. मी या रस्त्याने त्या सेडानमधून किती वेळा आलो-गेलो असेन. ओळखीचा वास आला आणि बरं वाटायच्या ऐवजी मी काच वर केली. चार वाजता मृण्मयीच्या अपार्टमेंटसमोर पोहोचलो, तर ती घरी नव्हती. तिच्या रूममेटने दार उघडलं.

“ती सिनसिनाटीला गेलीय, इंडियन ग्रोसरीला. दर गुरुवारी जाते, सगळ्यांचं सामान आणते.”

“कोणत्या गाडीने?”

“तिच्याच. दोन ज्युनिअर आहेत सोबत.”

म्हणजे ज्या हायवेवरून आम्ही आलो, त्यावरूनच ती परत येत होती, आणि पुढच्या सीटवर कुणीतरी बसलं होतं. मी फोन केला नाही. चालवताना तिने उचलला असता तर? दोन तास मी पार्किंगमध्ये येरझाऱ्या घातल्या. इरा पायरीवर बसून होती. शेवटी सहाच्या सुमाराला गाडी वळणावर दिसली. रंग पार उडालेला, उजव्या दाराला पोचा, पण चाल तीच. तिघीही हसत उतरल्या आणि तांदळाच्या पिशव्या काढायला लागल्या. मी पुढे झालो आणि नाव सांगायच्या आधी चावी मागितली. मी कोण ते मृण्मयीने ओळखलं आणि चावी दिली. मग खाली वाकली आणि माझ्या पाया पडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच ती गाडी हळूहळू चालवत डीलरकडे नेली. इरा आणि मृण्मयी आमच्या गाडीतून मागे. काउंटरवरच्या बाईने नंबर टाकला, स्क्रीन बघितला आणि म्हणाली, “हे काम फार आधीच व्हायला हवं होतं, हनी.” दुपारी या म्हणाली. तेवढ्या वेळात जवळच जॉर्जटाउनला त्या कंपनीची फॅक्टरी बघायची, असं आम्ही आधीच ठरवलं होतं. नाव ऑनलाइन नोंदवावं लागतं, जागा लवकर भरतात. आत फोटो काढू देत नाहीत आणि पाय झाकणारे बूट लागतात.

आधी एका दालनात इतिहास सांगतात. ही कंपनी मुळात कापडाच्या मागाची. तो माग असा होता की एक धागा तुटला तरी आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड विणलंच जायचं नाही. पुढे त्याच घरातल्या मुलाने मोटारी काढल्या. पहिल्यांदा अमेरिकेत आणलेली गाडी इथल्या हायवेवर धापा टाकायची, चढावर गरम व्हायची. लोक हसले, आणि कंपनीने ती परत नेली. जपानी माल म्हणजे टुकार, असं तेव्हा इथे लोक म्हणायचे. हे ऐकून मृण्मयीला नवल वाटलं. तिच्याच काय, माझ्याही पिढीला जपानी गाडी म्हणजे सोनंच माहीत.

मग छोट्या उघड्या गाडीत बसवून फॅक्टरीत फिरवतात. आमची गाइड डॉट नावाची सत्तरीची बाई होती. तिने याच लाइनवर दारं बसवण्यात आयुष्य घालवलं होतं. डोक्यावरून जाणारी एक दोरी तिने दाखवली.

“स्क्रू वाकडा गेला, दार नीट बसलं नाही, काहीही झालं, की ही ओढायची,” ती म्हणाली. “कुणीही ओढायची. कालच कामाला लागलेल्याने सुद्धा.”

“मग काय होतं?” इराने विचारलं.

“गाणं वाजतं, टीम लीडर धावत येतो. आणि पहिला शब्द बोलतो, थँक यू. माझ्या जुन्या कारखान्यात लाइन थांबवणाऱ्याला घरी पाठवायचे. इथे पहिल्या आठवड्यात मी दोरी ओढायला घाबरायचे. एक दार वाकडं बसलं होतं, मी बोलले नाही, पुढे जाऊ दिलं. रात्रभर झोपले नाही. सकाळी जाऊन सांगितलं. ती गाडी त्यांनी शोधून काढली.”

“ओरडले?”

“नाही. थँक यूच म्हणाले. पण मला विचारलं, काल का नाही सांगितलंस?”

इराने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघत होतो. बाजूने गाड्यांचे सांगाडे हळूहळू सरकत होते आणि कुठेतरी ते गाणं वाजलं, लहान मुलांच्या खेळण्यातून यावं तसं. खरं सांगतो, तिथेच मृण्मयीला बाजूला घेऊन बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी डॉटला पुढची टूर कधी असते ते विचारलं.

दुपारी गाडी तयार होती. एक पैसा लागला नाही. मृण्मयीने तिथूनच नागपूरला आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र झाली होती, पण त्या जाग्याच होत्या.

“भाऊ, तुम्ही माझ्या पोरीसाठी एवढ्या दुरून आले,” त्या म्हणाल्या. “कोण करते हो आजकाल? गेल्या उन्हाळ्यात मी दोन महिने तिथे होते. रोज त्याच गाडीत, समोरच बसत होते. आता हे ऐकून काटा आला बाप्पा अंगावर. तुम्ही देवासारखे धावले.”

मी हात जोडले. “अहो, त्यात काय,” म्हणालो. हे असं म्हणालो मी. त्यानंतर मृण्मयीने आम्हाला घरी नेऊन वांग्याची भाजी आणि भाकरी खाऊ घातली, डब्यात लाडू दिले, आणि मी ते सगळं घेतलं.

परतीच्या वाटेवर ओहायो संपेपर्यंत इराने हेडफोन काढले नाहीत. मग म्हणाली, “यू डिडन्ट टेल हर.”

“गाडी नीट झाली ना. आता सांगून तिच्या जिवाला कशाला घोर? डिफेन्स आहे तिचा.”

“ते तिच्यासाठी नाही म्हणत तू, बाबा.” हे ती मराठीत म्हणाली. एरवी ती मला मराठीत उत्तर देत नाही. पुलावरचा टोल कापला गेला, मॅसॅच्युसेट्सची पाटी आली, आणि रविवारी संध्याकाळी घरी पोहोचलो.

पाच दिवस, अठराशे मैल. फॅक्टरी नक्की बघा, लेक्सिंग्टनच्या बाजूची कुरणं बघा, मुलं असतील तर न्याच. आणि हे वाचून झाल्यावर आपल्या गाडीचा चेसिस नंबर सदोष गाड्यांच्या सरकारी साइटवर टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. त्या कंपनीवरचा माझा विश्वास कमी झाला का, असं बायकोने विचारलं. नाही झाला. त्यांनी सांगायचं ते सांगितलं होतं, न चुकता, परत परत. नावावर विसंबून डोळे मिटून बसलो तो मी, आणि सगळं कळल्यावर देव म्हणवून घेतलं तोही मीच.

मेमध्ये मृण्मयीचा डिफेन्स झाला. डॉक्टर झाली. त्याच आठवड्यात मी गॅरेजमध्ये जाऊन तिला फोन लावला. अभिनंदन केलं आणि मग सगळं सांगितलं. पत्रं कधीपासून येत होती, मी ती न उघडता कशी फेकली, तिच्या आईने देव म्हटलं तेव्हा मी कसा गप्प राहिलो. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

“काका,” ती म्हणाली, “गेल्या उन्हाळ्यात, आई इथे होती तेव्हा, पत्र आलं होतं?”

जूनमध्ये आलं होतं. ते मी रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात टाकलेलं मला चांगलं आठवत होतं.

“हो,” मी म्हणालो. “तेव्हाही आलं होतं.”