पाणी येण्याआधी निघायची तालीम: तेल्हारा, सेमाडोह, बडनेरा

ही सहल मौजेसाठी नव्हती, हे आधीच सांगतो. मे महिन्याच्या शेवटी मी, बायको मंदा आणि ऐंशीला टेकलेली आई, असे तिघे आमच्या जुन्या डिझेल जीपने तीन दिवस फिरून आलो. पावसाळ्यात गाव सोडायची वेळ आली तर गाडी आणि माणसं तयार आहेत का, एवढंच पाहायचं होतं. गाडीचं उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं. माणसांचं मिळायला परतीच्या वाटेला लागावं लागलं.

आमचं गाव तेल्हारा तालुक्यात, नदीच्या काठावर. गावात माझं बी-बियाण्याचं लहानसं दुकान आहे. नदी उन्हाळ्यात कोरडी असते, तिच्यात पोरं क्रिकेट खेळतात. मागच्या वर्षी सातपुड्यात पाऊस झाला आणि संध्याकाळी कोतवाल सांगत आला, वरून धरणाचं पाणी सोडून राहिले, अर्ध्या तासात निघा. मी किल्ली घेतली, कुलूप घेतलं. आई देवापाशी बसलेली होती. ती म्हणाली, "दिवेलागणीले दार लावत नाहीत."

आमच्याकडे ही रीत आहे. सांजवात लावायची आणि पुढचं दार उघडं ठेवायचं, कारण त्या वेळेला लक्ष्मी घरात येते. ज्या घराला त्या वेळी कुलूप असतं, तिथून ती परत जाते. आईने एकसष्ट वर्षं हे मोडलेलं नाही. मी विनवलं, रागावलो, तिचा हात धरला. ती म्हणाली, तुम्ही जा, मी दिव्यापाशी आहे. तिला सोडून कोण जाणार? त्या तासाभरात नाल्यावरचा पूल पाण्याखाली गेला. आम्ही तिघं धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छपरावर, चढलो आणि सकाळपर्यंत तिथंच बसून राहिलो. त्या पाण्याला आवाज नव्हता, हे मला अजून आठवतं. गावातली कुत्री दुपारीच कुठंतरी निघून गेली होती आणि खाली अंधारात आमच्या घरातली भांडी एकमेकांना हळूहळू लागत होती, कोणी आवरत असावं तशी.

पाणी चौथ्या पायरीवर थांबलं. पाचवी पायरी म्हणजे उंबरठा; घरात पाणी शिरलंच नाही. तेव्हापासून मला एकच काळजी आहे. पुढच्या वेळी आई गाडीत बसली पाहिजे.

पण माणसाला जे हातात असतं तेच तो आधी करतो. मी गाडीच्या मागे लागलो. आकोटचे रफिकभाई गेली वीस वर्षं माझी गाडी पाहतात. त्यांनी चारही टायर आणि स्टेपनी बदलली, पंख्याचा पट्टा आणि पाण्याचे होज नवे टाकले, बॅटरी उचलून वरच्या बाजूला घट्ट बसवली. इंजिनात हवा घेणारा पाइप टपापर्यंत नेला. पुढच्या-मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवून गाडी चांगली वीतभर उंच केली. वाचकांपैकी कोणी असं काम करणार असेल तर रफिकभाईंचं बोलणं लक्षात ठेवा.

"भाऊ, पाइप उंच झाला म्हंजे गाडी नाव नाही झाली," ते म्हणाले. "बहता पानी दिसलं का उभं राहाचं. आन पान्यात बंद पडली तं पुन्हा सेल मारून चालू करू नका, इंजन खतम."

बाकीचे नियम माझे आहेत. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. गाडी नेहमी रस्त्याकडे तोंड करून लावायची. मागे एक पत्र्याची पेटी: दोर, टॉर्च, पंक्चरचं सामान, पायाचा पंप, आईची पंधरा दिवसांची औषधं, पाण्याची कॅन आणि कागदपत्रांच्या झेरॉक्स प्लास्टिकमध्ये. दर रविवारी इंजिन दहा मिनिटं चालवायचं, नुसतं उभ्या जागी नाही, गावाला एक चक्कर मारून.

निघायच्या दिवशी पहाटे पाचला आईला गाडीपाशी आणलं. तिने पाय उचलला, परत खाली ठेवला. पुन्हा उचलला. गाडी इतकी उंच झाली होती की तिचा पाय पोहोचेना. मी आणि मंदा एकमेकांकडे पाहतच राहिलो.

"सुधाकर," आई म्हणाली, "ही गाडी मले न्याले केली का मले ठेवाले?"

मंदाने तोंडाला पदर लावला. मी घरातून पाट आणून खाली ठेवला आणि आईला कसंबसं वर घेतलं. आकोटला रफिकभाईंनी ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, माजी के लिए ही तो गाडी बनवली ना! पाय नाई मोजला त्याहीचा?" त्यांनी चहा येईपर्यंत दोन लोखंडी पायऱ्या वेल्डिंग करून दिल्या, खाली लोंबणाऱ्या, पाय दिला की हलणार नाहीत अशा. पैसे घेतले नाहीत. तेव्हा गाडी तयार करणाऱ्यांना माझा एक सल्ला: ज्याच्यासाठी गाडी करता, त्याला रोज एकदा तीत बसवून पाहा.

आकोट, अंजनगाव, परतवाडा हा रस्ता चांगला आहे. अंजनगावच्या अलीकडे काम चालू होतं, तिथं वीस मिनिटं गेली. परतवाड्याला टाकी भरून घ्या, हवा तपासा, पुढे घाट आहे. तिथल्या स्टँडसमोर आलूबोंडा आणि कढी खाल्ली. घटांगच्या चढावर गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. सागाची पानं सगळी गळलेली होती. डोंगर इतका उघडा होता की त्यात लपायला काही नाही असं वाटावं, आणि तरी सारखं वाटत होतं की आपल्याला कोणी तरी पाहतं आहे. मंदा दोनदा म्हणाली, "माकडंही नाहीत हो." आईच्या हातात जपमाळ फिरत होती.

सेमाडोहला दुपारी पोहोचलो. खोल्या साध्या आहेत, आधी सांगून ठेवल्या तर मिळतात. जेवण एका घरगुती खानावळीत: भाकरी, पिठलं, कांदा, वर ताक. तिथंच हिरालाल भेटला. चाळिशीचा कोरकू गाइड, बोलायला थोडा, हसायला मोकळा. त्याचं गाव आत जंगलात होतं. वाघांसाठी ते उठवलं आणि सगळे खाली मैदानात नव्या वस्तीत राहायला गेले. जुन्या गावात आता फक्त देव आहे. लोक वर्षातून एकदा परवानगी काढून पूजेला येतात. हिरालाल दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन जाणारच होता.

"संपूर्ण गाव एका दिवसात निघालं?" मी विचारलं. माझ्या डोक्यात तेच.

"तीन दिवस लागले, साहेब. टिरॅक्टर होते. कौलं नेली, लाकडं नेली, दारं नेली."

"मले पाहाचं ते गाव," आई एकदम म्हणाली.

सकाळी गेटवर पावती केली, हिरालालने परवानगी दाखवली आणि तो पुढे बसला. नियम सांगतो: गाइडने सांगितल्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही. खडकाळ वाटेने तासभर गेलो. उंच केलेल्या गाडीचा इथं फार उपयोग झाला. मग झाडी संपली आणि मोकळी जागा आली. मी सवयीने गाडी वळवून, तोंड बाहेर करून लावली आणि इंजिन बंद केलं.

अकरा वाजले असतील. ऊन असं की डोळे मिटावेत. ओळीने घरांचे ओटे होते, नुसते ओटे. भिंती नाहीत, छप्पर नाही. मधून गवत वाढून वाळलेलं. एक हापसा होता, त्याचा दांडा कोणी काढून नेलेला. कुठूनही पाखराचा आवाज नाही. आपलं गाव असं दिसलं तर कसं दिसेल, असा विचार माझ्या मनात आला आणि मी तो लगेच बाजूला सारला.

ओळीच्या टोकाला एक दार उभं होतं.

फक्त दार. चौकट, दोन फळ्या, आत उघडलेल्या. आजूबाजूला भिंत नाही. त्या दारातून पलीकडचं जंगल दिसत होतं आणि बाजूनेही तेच जंगल दिसत होतं, तरी दारातलं जंगल वेगळं वाटत होतं, जास्त जवळ.

"हे काहून नाही नेलं?" आईने विचारलं.

"आमचंच घर ते," हिरालाल म्हणाला. "माय म्हणे, सारं न्या, दार ठेवा. आन लावू नका. उघडं राहू द्या. आता ती नाही. नव्या वस्तीतच गेली."

"कुलूप नव्हतं लावलं?"

"कुलूप कशाले लावतो, आजी? भिंतच नाही."

त्यावर मंदा हसली आणि दाराकडे चालू लागली. आईने तिचा दंड धरला.

"थांब मंदे. ओलं आहे. पाय उमटतीन."

आम्ही खाली पाहिलं. उंबरठ्यापुढच्या चार हात जागेत शेणाचा सडा घातलेला होता. ओला. शेणाचा ताजा वास येत होता. कडेची मातीही झाडलेली, झाडणीच्या रेघा दिसत होत्या. त्या उन्हात सडा पाच मिनिटांत वाळतो. हा ओला होता. भोवतालच्या फुफाट्यात आमच्या चौघांच्या पावलांखेरीज एकही पाऊल नव्हतं, ना माणसाचं, ना ढोराचं. हापसा बंद, नाला कोरडा. पाणी कुठलं?

"कोण करते हे?" माझा आवाज मलाच बारीक वाटला.

हिरालालने नारळाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "दरवर्षी असते, साहेब. बाकी घराले नसते. याच घराले असते."

"तू पाहिलं नाही कधी?"

"आमी इचारत नाही," तो म्हणाला. "जे करते ते करते. चांगलंच करून राहिलं ना."

त्याने पलीकडे मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेल्या दगडांपुढे नारळ फोडला. आम्ही प्रसाद घेतला. आई मात्र त्या दाराकडे तोंड करून उभी होती. तिने चपला काढल्या होत्या. तापलेल्या जमिनीवर ती इतका वेळ कशी उभी राहिली, कोण जाणे. मग तिने दाराला हात जोडले आणि म्हणाली, "चला."

लोखंडी पायऱ्यांवर पाय देऊन ती आपली आपण वर चढली. मी आरशात मागे पाहत होतो. एकदा वाटलं, दाराची एक फळी हलली. वारा नव्हता, पण गाडीही खड्ड्यातून जात होती. मी शपथेवर काही सांगणार नाही.

त्याच दिवशी परतवाड्यावरून अमरावतीला उतरलो आणि बडनेऱ्याला बहिणीकडे मुक्काम केला. तिचे यजमान रेल्वेत होते, स्टेशनमागे त्यांचं घर आहे, उंचावर. संकटात आम्ही इथंच यायचं ठरवलं आहे. असं ठिकाण आधी ठरवून ठेवा आणि तिथल्या माणसांनाही सांगून ठेवा. बहिणीने आंब्याचा रस केला होता. तिने आईला पावसाळाभर राहायचा आग्रह केला.

"चार महिने तिथं दिवा कोण लावन?" आई म्हणाली. पण नेहमीसारखी तडकून नाही. खरोखर विचारत असावी, असं.

तिसऱ्या दिवशी मूर्तिजापूर, अकोला करत घराकडे निघालो. मूर्तिजापूरला चहाला थांबलो. मी गाडीखाली वाकून तेल गळतं का ते पाहत होतो. वरून आईचा आवाज आला.

"सुधाकर, पुढच्या वेळी मी येईन."

मी उठून उभा राहिलो. वर्षभर ज्यासाठी देवाला रोज हात जोडले, ते असं रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या आवाजात मिळालं.

"दिवा लावीन आन निघीन. पण कुलूप नाही लावाचं. दार उघडं ठेवाचं."

"अवं माय, चोर..."

"पान्यात चोर येते का रे?" ती म्हणाली. "मले वाटे, आपण गेलो का घर एकटं राहाते. मी पाहून आली ना आता. दार उघडं असलं का नाही राहात एकटं, लक्ष्मी पाहाते त्याले."

मी हो म्हटलं.

आता घरी येऊन महिना झाला. पहिला पाऊस पडून गेला. नदीला अजून पाणी नाही. दर रविवारी दिवेलागणीला आम्ही तालीम करतो. आई सांजवात लावते, मंदा गॅस आणि मेन स्विच बंद करते, मी इंजिन चालू करतो. पहिल्यांदा एकवीस मिनिटं लागली, आता अकरा लागतात. शेजारचे नानाभाऊ ओट्यावरून ओरडतात, "काहो, आज कुठं बुडून राहिलं?" मी हसतो. पुलापलीकडच्या शाळेपर्यंत जाऊन, थोडं थांबून आम्ही परत येतो. दार तेवढा वेळ सताड उघडं असतं. एक काडीही कोणी नेलेली नाही.

मी देवाला मानणारा माणूस आहे, भुताखेताला नाही. त्या जंगलातल्या सड्याबद्दल मी खूप विचार केला. कोणी चौकीदार असेल, कोणी आमच्या आधी येऊन गेलेलं असेल. पावलं पुसली गेली असतील. असं सगळं मी स्वतःला सांगतो आणि दुकानात बसल्या बसल्या ते पटतंही. आई गाडीत बसते आहे, मला तेवढं पुष्कळ आहे.

गेल्या रविवारी वळणावर मी गाडी हळू केली आणि आरशात घराकडे पाहिलं. आतला दिवा दिसत होता. मग काही क्षण दिसेनासा झाला, मध्ये कोणी उभं राहावं तसा, आणि परत दिसला. मी ब्रेकवर पाय ठेवला.

आई समोरच पाहत होती.

"चाल तू," ती म्हणाली. "तिले तिचं काम करू दे."