येळवस आणि पितळेची पाटी

नागपूरहून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत संत्रा बर्फीचा डबा होता आणि डोक्यात दोन उलटसुलट हुकूम. माझी भाची मुक्ता लातूरला राहून डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होती. पहिल्या खेपेला गुण कमी पडले, म्हणून हे दुसरं वर्ष. ते अर्ध्यावर आलं असतानाच तिचा फोन आला, "मला न्यायला या." पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेली ताई, म्हणजे तिची आई, म्हणाली, पोरीला घेऊनच ये. भाऊजींनी मला दारापर्यंत पोचवताना हळूच सांगितलं, समजूत घाल, तिथंच राहू दे. भाऊजी फार उत्साही गृहस्थ. लेक लातूरला निघाली तेव्हाच त्यांनी 'डॉ. मुक्ता' अशी भलीथोरली पितळेची पाटी करवून तिच्या सामानात घातली होती.

नांदेडला सकाळी उतरले. लातूरच्या गाडीला वेळ होता, म्हणून गुरुद्वारात जाऊन लंगरच्या पंगतीत बसले. रोटी वाढणाऱ्या सरदारजींपुढे मी एक हात केला. ते रोटी धरून नुसते हसत उभे राहिले. शेजारणीने कोपराने ढोसलं तेव्हा कळलं, इथे दोन्ही हात पुढे करायचे असतात. मग मिळाली. डाळ अशी होती की मी लाज सोडून तीनदा घेतली.

लोहा, अहमदपूर करत एसटी निघाली. दोन्ही बाजूंना तूर आणि पोटऱ्यात आलेली, कणसं फुटायला टेकलेली ज्वारी. लातूर जवळ येऊ लागलं तसे क्लासचे फलक वाढत गेले. प्रत्येकावर गुणवंत मुलांचे फोटो, आणि एकाच्याही चेहऱ्यावर झोप झाल्याचं दिसेना.

लातुरात उतरले तर शहराला कुलूप. दुकानं बंद, चहाची टपरीसुद्धा बंद. मला चहा नाही म्हणजे सगळंच संपलं. एकुलती एक रिक्षा उभी होती, रशीदभाईंची. त्यांनीच उलगडा केला.

"आज येळवस हाय, ताई. समदं लातूर शिवारात गेलंय. मी बी दोस्ताच्या शेतावर निघालोय जेवायला."

येळवस (वेळ अमावस्या) हा इकडचा सण. या दिवशी घरात चूल पेटत नाही, सगळा गाव शेतात जेवतो. मुक्ताला अचानक गाठायचं म्हणून मी कळवलंच नव्हतं. शहाणपणा अंगाशी आला. तिचं होस्टेल चालवणाऱ्या महादेवीकाकूंना फोन लावला, तर त्या पोरींना घेऊन औशाच्या पुढे आपल्या शेतावर. रशीदभाईंची वाट तीच. खड्ड्याखड्ड्याला बर्फीचा डबा माझ्या मांडीवरून उडत होता.

शेतात कडब्याची कोप (खोपटं) उभी होती, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, ते पांडव. काकूंनी मला बोलूही दिलं नाही, पुढ्यात पत्रावळ ठेवली. भज्जी (शेंगा, दाणे आणि पालेभाज्या घालून शिजवलेलं दाटसर कालवण), बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), मडक्यातली थंडगार आंबील. बर्फीचा लगदा झाला होता, तोही पोरींनी चाटूनपुसून संपवला. मुक्ता मात्र कोपीच्या दाराशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मला म्हणाली, "बॅग भरून ठेवलीय, मावशी." पोर किती वाळली होती.

काकूंचे यजमान आंबील शिंपडत, 'ओलगे, ओलगे' असा पुकार करत शेताला फेरी घालत होते. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वर्षीही हे केलं होतं का. काकूंनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला.

"केलं की. माझा धाकटा दीर गेला त्यात. आमी पत्र्याच्या शेडात राहत हुतो. येळवस आली, सासूबाई भज्जीची तयारी कराय लागल्या. मला लई राग आला. म्हनलं, ज्या भुईनं तुमचं लेकरू नेलं, तिला जेवू घालता?"

"मग?" हे मुक्ताने विचारलं.

"त्या म्हनल्या, भुईनं न्हाई नेलं गं. ती निस्ती हालली. दोन हात रुंद दगडाच्या भिंती आन् वर मातीचं माळवद, ते आपनच रचलं हुतं डोक्यावर. भुईवर रुसून खायचं काय? घर हलकं बांधू. लेकाच्या नावाचा एक उंडा त्यांनी पांडवांपुढं ठेवला, आन् मंग रडल्या."

मुक्ताने पत्रावळ ओढली आणि भज्जी मागितली, चांगली दोन वाट्या.

संध्याकाळी होस्टेलवर परतलो. मुक्ताच्या पलंगावर, बरोबर उशीच्या वर, भाऊजींची पितळी पाटी खिळ्याला टांगलेली. ती पलंगावर चढली, पाटी उतरवली आणि माझ्या हातात दिली.

"ही घेऊन जा. बाबांना सांग, मी रागावले नाही. मी परीक्षा देते. जमली तर जमली, नाही जमली तर दुसरं काहीतरी शिकेन."

"आणि बॅग?"

"ती सोडते आता. तू जरा घड्या घालायला लाग."

दुसऱ्या दिवशी नांदेडमार्गे परत निघाले. पुन्हा गाडीला वेळ होता, म्हणून लंगरमध्ये बसले, या वेळी न सांगता दोन्ही हात पुढे. देव मागितलेलं देतो की नाही हे मला ठाऊक नाही. पण एवढं सोसलेली बाई ज्या मातीत लेक गेला तिलाच वाढते हे मी कानांनी ऐकलं होतं, आणि त्यातून नागपूरच्या एका पोरीला भूक लागते हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पिशवी जाताना होती त्याहून बरीच जड झाली होती, तरी मी खुशीत होते.

घरी पोचल्यावर सगळी हकीकत सांगितली आणि पाटी टेबलावर ठेवली. भाऊजींनी पाटी जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळली, स्टूल ओढलं आणि माळ्यावर ठेवायला चढले.

ताई पलंगावरून म्हणाली, "अहो, वर डोक्यावर नको. खालीच ठेवा."