काकूंचं कोपर

काकू आमच्या लाँड्रीत बावीस वर्षं आहेत, घड्या विभागाच्या प्रमुख. त्या नक्की कोणाच्या काकू हे कोणालाच माहीत नाही. मालकसुद्धा काकूच म्हणतो. चादरीची घडी त्यांच्यासारखी घालणारं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि मी इस्त्रीच्या रोलरपाशी उभी राहून दिवसभर चादरीच बघते.

हॉटेलांच्या मोठ्या चादरींची घडी एकट्याने होत नाही. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, मग समोरासमोर चालत येऊन एकाने आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची. एवढंच काम. पण नवी मुलगी आली की सुपरवायझर म्हणायचा, "हिला मी शिकवतो." आणि चालत यायचा तो थांबायचाच नाही मेला! मध्ये चादर, त्यामुळे लांबून काही दिसायचं नाही. त्याचे हात कुठे जायचे ते मी सांगत बसत नाही.

त्यावर काकूंचा तोडगा होता. नव्या मुलीला पहिल्याच दिवशी बाजूला घ्यायच्या. "टोक देताना कोपर असं पुढे ठेवायचं. तो जवळ आला की बरोबर बरगडीत बसतं. वर आपणच विचारायचं, लागलं का हो साहेब?" आम्ही पोट धरधरून हसायचो. मीही तशीच शिकले. काकूंचं केवढं कौतुक वाटायचं तेव्हा!

दरवर्षी ऑफिसातून एक कागद यायचा, लैंगिक छळ रोखण्याचं प्रशिक्षण घेतलं म्हणून. कसलं प्रशिक्षण नि कसलं काय! कागद चहाच्या ट्रेबरोबर फिरायचा. "करा गं सह्या, चहा निवतोय," असं काकूच म्हणायच्या.

यंदा आलेली मुलगी अगदीच चणीने लहान. घरात कमावणारी ती एकटी. तिचं कोपर त्याला कुठलं रोखतंय? दोन आठवड्यांत ती काकूंना म्हणाली, "शनिवारी माझा शेवटचा दिवस."

"अगं, जमेल हळूहळू," काकू म्हणाल्या.

"काय जमेल, काकू?"

काकू पुढची चादर उचलायला वळल्या. मला त्यांचा रागच आला.

त्याच आठवड्यात गुरुवारी मात्र खरोखरचं प्रशिक्षण झालं. एका बड्या हॉटेलाने अट घातली होती, त्यामुळे मालकाचा नाइलाज. दोन तास मशीन बंद. शिकवायला एक वकीलबाई आल्या होत्या. तक्रार कुठे द्यायची, किती दिवसांत द्यायची, सगळं त्यांनी फोडून सांगितलं. मग आमच्या तक्रार समितीची नावं वाचली, तर दुसरं नाव काकूंचं! चार वर्षांपासून. चहा पिता पिता समितीच्या कागदावरही सही करून मोकळ्या झाल्या होत्या.

"मग नव्या मुलींना तुम्ही काय सांगता?" वकीलबाईंनी विचारलं.

काकू उठल्या आणि त्यांनी कोपर करून दाखवलं. एक-दोघी हसल्या. वकीलबाई हसल्या नाहीत. "हे कोपर कोणासाठी?"

सुपरवायझर मागच्या बाकावरच होता. सगळ्यांच्या माना खाली. काकू तशाच उभ्या, कोपर वर. मग म्हणाल्या, "बावीस वर्षं मी पोरींनाच शिकवत बसले. याला कोणी काही शिकवलंच नाही." आणि सरळ त्याच्याकडे बोट दाखवलं.

मुलीने त्याच दिवशी लेखी तक्रार दिली. काकूंना साक्ष द्यायची होती, म्हणून त्यांनी समितीतून आपलं नाव काढायला लावलं. माझी पाचावर धारण बसली होती, पण साक्षीला मीही गेले. दोन महिने चौकशी चालली आणि सुपरवायझरची नोकरी गेली. मुलगी राहिली.

परवा ती काकूंबरोबर घड्या घालत होती. टोकं घेऊन पुढे आली, कोपर बाहेर. काकू म्हणाल्या, "खाली कर गं, समोर मी आहे." तिने केलं. पुढच्या चादरीला पुन्हा वर. तिसऱ्यालाही. काकूंनी चादर टेबलावर टाकली आणि सगळ्यांसमोर रडायला लागल्या. "किती जणींना हे लावून ठेवलं मी!"

"पुरे आता, कामं पडलीत," म्हणत मी चादरीची दोन टोकं उचलली आणि दुसरी दोन त्यांच्या हातात दिली. चादर ताणली, चालत त्यांच्याजवळ गेले. काकू माझ्या हाताकडे बघत होत्या, म्हणून मीही पाहिलं. माझंही कोपर पुढेच होतं. मला इथे अकरा वर्षं झालीत.