साडेअकराची नोंद

“ट्यूब्जची अदलाबदल करतेय तुमची टेक्निशियन,” प्रोफेसर म्हणाले. “पुढच्या महिन्यात तिचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. मी रिन्यू करणार नाही.”

सांगलीहून तमिळ मुलखात, गिंडीच्या त्या लॅबमध्ये येऊन मला दोन वर्षं झाली होती. टेक्निशियन राधाबाई तंजावरकडच्या मराठी घरातल्या. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं. मी त्यांना अक्का म्हणायचो.

आम्ही माणसाच्या पेशींत हर्पिसचा व्हायरस घालायचो आणि त्याचे कोणते जीन कधी सुरू होतात ते पाहायचो. सगळे एकदम सुरू होत नाहीत. आधी हुकूम सोडणारे, मग व्हायरसच्या प्रती काढायची सामग्री बनवणारे, शेवटी त्याचं कवच बनवणारे. व्हायरस घालायची वेळ साडेअकरा. ते काम अक्कांचं. तिथून दर तासाला थोड्या पेशी ट्यूबमध्ये काढून मी तपासायचो. सोमवारचे निकाल चोख. शुक्रवारी मात्र दुसऱ्या फळीचे जीन पहिल्याच तासाच्या ट्यूबमध्ये हजर!

ट्यूब एखाद्या वेळी बदलेल. दर शुक्रवारी कशी? अक्कांवर ढकलून मोकळं व्हायचं मला मुळीच पटेना.

“सर, दोन शुक्रवार द्या.”

“दोनच.”

इन्क्युबेटरचं तापमान तपासलं. केमिकल्स बदलली. व्हायरसचा नवा साठा घेतला. पहिला शुक्रवार वाया गेला.

शुक्रवारी सकाळी माझी मीटिंग असायची. दुसऱ्या शुक्रवारी तिला सरळ दांडी मारली आणि दहालाच लॅबमध्ये जाऊन बसलो. सव्वादहाला अक्कांनी व्हायरस घातलासुद्धा.

“अक्का, आत्ताच?”

“अय्यो सार, साडेदहा ते बारा राहुकाळ की! त्यात आरंभ कसा करायचा?”

राहुकाळ म्हणजे नवं काम सुरू न करण्याचा दीड तास. दर वारी त्याची वेळ वेगळी. सोमवारी तो सकाळी नऊलाच संपतो.

“मग वहीत सव्वादहा का नाही लिहिलं?”

“तुम्ही साडेअकरा लिहून ठेवलेलं. तुमचं अक्षर मी कसं खोडू?”

वही उघडली. खरंच. आदल्या संध्याकाळीच सगळ्या वेळा लिहून टाकायची सवय माझी. मला भयंकर लाज वाटली. मी पहिल्या तासाची म्हणून तपासत होतो ती ट्यूब सव्वादोन तासांची होती. व्हायरस बिचारा वेळेवरच होता.

प्रोफेसरांना सगळं सांगितलं, आधी माझी चूक. “सायन्सच्या लॅबमध्ये राहुकाळ?” ते कडाडले आणि दहा मिनिटं माझी खरडपट्टी काढली. पुढच्या शुक्रवारी आम्ही बारा वाजून दहा मिनिटांनी सुरुवात केली, घड्याळ पाहून वेळ लिहिली. निकाल हुबेहूब सोमवारसारखा आला.

त्यानंतरच्या शुक्रवारी अकरा वाजता तो निकाल आणि अक्कांच्या कॉन्ट्रॅक्टचा कागद प्रोफेसरांपुढे ठेवला. त्यांनी दोन्ही नीट वाचलं. पेन उघडलं. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि टोपण परत लावलं.

“ठेवून जा. बारानंतर सही करतो.”

तेव्हापासून वहीत वेळ मी काम झाल्यावरच लिहितो. आणि शुक्रवारी सही मागायला बारानंतर जातो.