शेपटीजवळचे चार आकडे

आमचे हे हवाई दलात होते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लगेच काळा चष्मा लावलेला वैमानिक उभा राहतो. म्हणून आधीच सांगून टाकते, वैमानिक नव्हते. रंगकामाला होते. विमानाचा जुना रंग खरवडायचा, नवा चढवायचा, पंखांवर तिरंगी गोल काढायचे आणि शेपटीजवळ विमानाचा नंबर घालायचा. वीस वर्षं हेच केलं. नंबराला साचा असायचा, पण साच्यातून रंग मारला की कडा ओबडधोबड राहतात. त्या बारीक ब्रशनं हातानं सरळ कराव्या लागतात, आणि त्या कामाला म्हणे ह्यांनाच बोलावायचे. 'म्हणे' अशासाठी, की हे मला सांगणारेही हेच.

नोकरी संपल्यावर आम्ही सानपाड्याला आलो. साताऱ्याकडची आमची निम्मी भावकी इथं बाजारात कामाला, त्यामुळे परकं काही वाटलं नाही. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमिनीवर पिवळे नंबर आहेत, ते सगळे ह्यांच्या हातचे. सेक्रेटरी तेव्हा म्हणाले होते, "काका, कसेही काढा हो, गाड्याच तर लावायच्यात." ह्यांनी त्यांच्याशी चार दिवस अबोला धरला. मग दोरी मारून, गुडघ्यांवर बसून, एकेक नंबर काढला. आजही आमच्या बिल्डिंगच्या गाड्यांना आहे तसा नंबर आख्ख्या सेक्टरमध्ये कुणाला नाही. हे मात्र माझं मत आहे.

गेल्या वर्षी श्रावणात एका सकाळी ह्यांच्या हातातून चहाचा कप पडला. मी स्वयंपाकघरातूनच म्हणाले, "लक्ष कुठंय तुमचं?" त्या वाक्याची मला अजून लाज वाटते. ह्यांची उजवी बाजू गेली होती.

पाय महिन्या-दीड महिन्यात बऱ्यापैकी परत आला. जीभही आली. हात काही येईना. बोटं मिटायची, पण मिटलेल्या बोटांत काही टिकायचं नाही. तरी सुरुवातीला व्यायाम करत होते. डॉक्टरांनी पाठवलेली फिजिओथेरपीवाली मुलगी यायची, तिनं स्पंजचा लाल चेंडू दिला होता, तो दाबत बसायचे.

मग नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो. काउंटरवरच्या मुलीनं ह्यांचा हात पाहिला आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. "काका, अंगठा चालेल." तिनं भल्यासाठीच म्हटलं हो, तिची काही चूक नाही. ह्यांनी अंगठा दिला. घरी आल्यावर बेसिनपाशी उभं राहून बराच वेळ तो साबणानं घासत होते. ज्याच्या अक्षरासाठी अधिकारी खोळंबून राहायचे, त्या माणसाला अंगठा द्यावा लागला, आणि मी शेजारी पर्स धरून उभी होते. मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून उजवा हात खिशात गेला तो गेलाच. ती मुलगी आली की ह्यांना झोप यायची. चेंडू सोफ्याखाली गेला, कुणी काढला नाही. खाली उतरले की पार्किंगमधून मान वर करून चालायचे, आपलेच नंबर दिसू नयेत म्हणून. डॉक्टर म्हणाले, हात वापरला तर येईल, नाही वापरला तर असाच राहील. मी समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं, एकदा रडूनही पाहिलं. शेवटी हात टेकले.

पुण्याहून आमच्या मुलीनं एक खोका पाठवला. आत विमान होतं, पण सुटं. शंभरावर प्लॅस्टिकचे तुकडे, खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळीसपट लहान. चिकटवायचं, रंगवायचं, वर गोल आणि नंबर लावायचे. ह्यांनी ज्या जातीच्या विमानांवर काम केलं तेच. मी मुलीला फोनवर म्हणाले, "अगं, बापाचा हात चालत नाही नि तू त्याला खेळणी काय पाठवतेस?" ती म्हणाली, "आई, तू फक्त खोका उघडून टेबलावर ठेव. काही बोलू नको." काही न बोलणं हे मला केवढं अवघड आहे हे तिला माहीत आहे.

दोन दिवस खोका तसाच होता. तिसऱ्या दिवशी हे त्यातला कागद वाचता वाचता एकदम चिडले. "चाकाच्या खणाचा रंग चुकीचा दिलाय." झालं. चूक दाखवायची म्हणून कामाला बसले. पण डाव्या हातानं. उजवा आपला मांडीवर, लग्नाला आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा. तुकडा मी धरायचा, कापायचं ह्यांनी. पंख मी दाबून धरायचा, चिकटवायचं ह्यांनी. मी त्यांचा उजवा हात झाले, आणि उजव्या हाताला किती बोलणी खावी लागतात ते मला कळलं. "हलू नको. श्वास कशाला घेतेस एवढा मोठा?" मी म्हणायचे, "बंदच करते श्वास, मग धरा तुमचं तुम्ही." उन्हाळा असा गेला. विमान उभं राहिलं, फूटभर लांब. आख्ख्या विमानाला चांदीचा रंग बसला. हे जरा माणसांत आले. हल्ली नव्या विमानतळामुळे आमच्या खिडकीतूनही विमानं दिसतात. हे एखाद्याकडे बघून म्हणायचे, "रंग बरा मारलाय."

आता राहिले गोल आणि नंबर. ते बारीक पातळ कागदावर छापलेले येतात, डेकल म्हणतात त्यांना. पाण्यात भिजवायचे आणि विमानावर सरकवून बसवायचे. पंखांवरचे गोल बसले, शेपटीवरची तिरंगी पट्टी बसली. नंबर मात्र खोक्यात दिला होता तो ह्यांना नको होता. ह्यांना त्यांचा हवा होता. नोकरीतला पहिला नंबर, जो ह्यांनी एकट्यानं घातला, मागं कुणी उस्ताद उभा नसताना. चार आकडे. मी म्हणाले, "मग ब्रशनं काढा." हे म्हणाले, "कुठल्या हातानं?" 

मुलीनं आकड्यांचा वेगळा कागद मिळवून पाठवला. हे डाव्या हातानं एकेक आकडा ब्लेडनं कापायचे. एका आकड्याला एक दिवस. आठचा आकडा त्या कागदात एकच होता, तो कापताना तर मला स्वयंपाकघरातून बाहेर यायलाही बंदी होती. चौथ्या दिवशी नंबर लागला. वरून वार्निश मारलं की पक्का होणार होता, पण आमच्याकडे खाडीची हवा. दमट हवेत वार्निश मारलं तर ते पांढरट पडतं, म्हणून हे कोरड्या दिवसाची वाट बघत होते. हे मला ह्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं असं नाही, पण कानावरून गेलं.

आणि आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी आयुधांची पूजा असते. ज्यानं घरातला हात चालतो त्या सगळ्याला हळदकुंकू. सासूबाई कोयत्याची, विळ्याची करायच्या. मी माझ्या शिलाई मशीनची करते, विळीची करते, ह्यांच्या ब्रशांची करते. ह्यांचं दुखणं आल्यावर गेल्या वर्षी ब्रश काढलेच नव्हते. या वर्षी मी हौसेनं सगळं काढलं. हे आंघोळीला गेले होते. पाट मांडला, ब्रश ठेवले, ब्लेड, चिमटा, आणि मधोमध विमान. फूल बुडवून पाणी शिंपडलं. नाकावर हळदकुंकू लावलं. अक्षता टाकल्या. इतकं छान दिसत होतं. शेपटीजवळ पाणी जरा जास्त साचलं होतं, म्हणून पदराच्या टोकानं टिपलं.

टिपलं कसलं, पुसलं. नंबर गेला. दोन आकडे पदराला चिकटून आले, एकाची सुरळी झाली, आणि आठ कुठं गेला ते आजवर कळलं नाही. फुलं झटकली, तांदूळ निवडले, नाही सापडला.  वीस-पंचवीस वर्षं मी ह्यांच्या ब्रशांना हळदकुंकू वाहिलं आणि ह्यांचं काम माझ्याच हातानं पुसलं.

हे बाहेर आले. पाटाकडे बघितलं, माझ्या पदराकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलायला हवे होते, मला बरं वाटलं असतं. हे म्हणाले, "पूजा झाली ना? मग नैवेद्य दाखव." आणि विमान उचलून खोक्यात ठेवून दिलं.

मी गॅलरीत जाऊन मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "रडू नको, मी दुसरा कागद मागवते. बाहेरून येतो, दोनेक महिने लागतील." हे आतून म्हणाले, "मागवू नको म्हणावं." इतक्या शांतपणे म्हणाले की मी समजले, सगळं संपलं. दसऱ्याचं श्रीखंड मला कडू लागलं.

दसऱ्यानंतर तीन-चार दिवसांनी हे मला विचारतात, "तो चेंडू कुठंय?"

"कुठला चेंडू?"

"लाल. दाबायचा."

मी झाडू घालून सोफ्याखालून काढून दिला, जळमटांसकट. ह्यांनी तो धुतला. मग ब्लेडनं त्याला आरपार भोक पाडलं आणि त्यातून ब्रश घातला. एवढा जाड दांडा झाला की मिटलेल्या बोटांतून निसटेना. उजव्या हाताच्या बोटांतून. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण उलटं ठेवलं आणि त्यावर आठ काढायला बसले. पहिला आठ तळहाताएवढा होता आणि कुठल्याही बाजूनं आठ वाटत नव्हता. मी दारात उभी होते. मला म्हणाले, "तुला काही काम नाही का?" मी आत गेले आणि कुकर लावायच्या निमित्तानं पाच मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

मग झाकणांचा सपाटाच. आमची झाकणं संपली, शेजारची आणली. काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. ती फिजिओथेरपीवाली मुलगी आली तर हे स्वतः दार उघडायला गेले. चेंडूत खुपसलेला ब्रश बघून ती म्हणाली, "काका, हे मला का नाही सुचलं?" हे म्हणाले, "तुला नंबर घालायचा नव्हता ना." आठ लहान होत गेला. लिंबाएवढा झाला, शेंगदाण्याएवढा झाला, दिवाळी झाली तेव्हा तांदळाच्या दाण्यापर्यंत पोचला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हवा कोरडी होती. विमान मी दोन्ही हातांनी धरलं. ह्यांनी चार आकडे घातले. पाऊण तास लागला. आठचं वरचं पोट खालच्यापेक्षा मोठं झालंय, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी काही बोलले नाही. मुलीनं शिकवलेलं कधीतरी उपयोगी पडतं. नाकावर कुंकवाचा लालसर डाग राहिला होता, मी म्हणाले, "निदान हा तरी चांदीखाली झाका." हे म्हणाले, "राहू दे. हँगरमध्येही दसऱ्याला लावायचे. पुसायला मलाच सांगायचे, पण पुरतं कधी जायचं नाही." वरून वार्निश मारलं. आता धुतलं तरी नंबर जाणार नाही, हे मला दोनदा सांगितलं.

नोव्हेंबर संपायच्या आत बँकेत गेलो. काउंटरवर तीच मुलगी होती. तिनं ह्यांना ओळखलं आणि न विचारता शाईचा पॅड पुढे केला. ह्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि पॅड मागे सरकवला. म्हणाले, "पेन द्या." तिनं दिलं ते बारीक होतं, बोटांत राहीना. मी पर्स उघडली आणि लाल चेंडू काढून दिला. रांगेतल्या माणसानं मान लांब करून बघितलं, बघू दे. ह्यांनी चेंडूतून पेन घातलं आणि सही केली.

मुलीनं कागद बघितला, कॉम्प्युटरवर बघितलं, पुन्हा कागद बघितला. अवघडून म्हणाली, "काका, सही जुळत नाहीये."

 ह्यांच्याकडे बघायचं धैर्य होईना. पण हे हसत होते. सव्वा वर्षात असे हसले नव्हते. म्हणाले, "कशी जुळेल बाळ, ती जुन्या हाताची आहे. नव्या सहीचा फॉर्म असतो ना तुमच्याकडे? तो द्या."

फॉर्मवर तीन चौकोन होते. तिन्हीत सारखी सही हवी, असं तिनं सांगितलं. ह्यांनी खुर्ची पुढे ओढली, चेंडू नीट धरला आणि पहिल्या चौकोनात सुरुवात केली. मागं कुणीतरी चुकचुकलं. मी वळून रांगेला सांगितलं, "जरा थांबा, आमच्या ह्यांची सही चाललीय."