विमानातलं दुसरं डोकं

आमचे दाजी अण्णाराव यांचा कुणावर म्हणून विश्वास नाही. मुरुडला त्यांचं किराणा दुकान आहे. तुरीचं पोतं आलं की वरच्या दाण्यांकडे ते बघतही नाहीत. कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ काढतात. "वरचा माल दाखवायलाच असतो, पाव्हणं," असं मला ऐकवतात. माझी बहीण साखराबाई त्यांनी पसंत केली तेव्हा आमची चौकशी शेजाऱ्यांकडे केली होती, आणि त्या शेजाऱ्यांची चौकशी पलीकडच्या शेजाऱ्यांकडे. मी ते अजून विसरलेलो नाही.

त्यांची लेक ऋतुजा हट्टाला पेटून लातूरच्या विमानतळावर विमान शिकायला लागली. दोन माणसं जेमतेम मावतील एवढंसं विमान. दाजी कबूल झाले, पण अट घातली. पोरगी स्वतः विमान चालवताना दिसली पाहिजे. बनवाबनवीचा वास आला की शिकणं बंद आणि मुकाट्यानं गावातलं कॉलेज. ऋतुजानं अट मान्य केली. दाजींपुढे दुसरा इलाज नसतो.

रोज सकाळी बापलेक स्कूटीवरून येत. चालवायची ऋतुजानं, पण दाजी मागं बसून तिच्या दोन्ही बाजूंनी हात काढून हँडल धरणार! तिला गाडी शिकवली तेव्हापासूनची ही पद्धत.

"दादा, येते हो मला," ती बापावर वैतागून म्हणायची.

"पोहणाराच बुडतो," हे उत्तर ठरलेलं.

मग दाजींचा कुंपणाबाहेरच्या चहाच्या टपरीवर पहारा सुरू. बाजाराच्या कामानं लातूरला आलो की मीही तिथं टेकायचो. विमान धावपट्टीवर आलं की काचेतून दोन डोकी दिसायची. एक ऋतुजाचं आणि दुसरं तिला शिकवणाऱ्या शिवशंकर सरांचं.

"बघा," दाजी म्हणायचे, "मास्तरच चालवायलाय. ही नुसती बसलीय, कंडक्टरवानी."

"अहो, शिकवणारा शेजारी बसणारच की!"

"रोजच? मला शक हाय, पाव्हणं. तळाचा माल येगळा हाय."

शेवटी एका सोमवारी त्यांनी पोरीला बजावलं, "या हप्त्यात दुसरं डोकं हटलं न्हाई, तर बंद." मास्तरांनी कधी उतरायचं हे काय पोरीच्या हातात असतं? ती रडली नाही, पण तिचं जेवणातलं लक्ष उडालं. मला दाजींचा असा संताप आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

शनिवारी मात्र राहवेना म्हणून मी टपरीवर गेलो. विमान उतरलं आणि कडेला थांबलं. दार उघडून शिवशंकर सर खाली उतरले, पंखाखालून वाकून दूर झाले. आणि विमान पुन्हा चालू लागलं. आत एकच डोकं होतं.

दाजींना हवं होतं ते हेच. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"मास्तर का उतरला? विमानात खोट असंल. न्हाईतर त्यो बिमार हाय!"

"दाजी, तुम्हालाच एक डोकं पाहिजे होतं ना?"

"लेकराला एकटं टाकून पळाला की त्यो!"

विमान वर उठलं, डावीकडे वळलं आणि कारखान्यांच्या पत्र्यांमागं दिसेनासं झालं. दाजींचे दोन्ही हात समोर हवेत आले आणि मुठी वळल्या. हँडल धरल्यासारख्या. एरवी मी पोट धरून हसलो असतो. तेव्हा मात्र मीही पत्र्यांवरची नजर हलवली नाही.

पत्र्यांच्या दुसऱ्या टोकाला विमान पुन्हा दिसलं. खाली आलं, एकदा उसळलं आणि नीट धावत राहिलं. दाजी मटकन खाली बसले.

थोड्या वेळानं ऋतुजा फाटकातून आली, ती नखशिखांत भिजलेली. वेणीतून पाणी गळत होतं. आमच्याकडे अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घेतात ते मयतीहून आल्यावर. दाजी ताडकन उठले.

"कोण गेलं? मास्तर? उतरला तव्हाच मला शक आला होता!"

तेवढ्यात तिच्यामागून मास्तर हसत आले, हातात रिकामी बादली.

"अण्णाराव, पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवलं की आमच्यात अशी आंघोळ घालतात."

दाजींनी बादलीत डोकावून पाहिलं. मग हळूच विचारलं, "तुमी उतरलात कसे? भ्या न्हाई वाटलं?"

"वाटतं की. विमान परत येईपर्यंत जिवात जीव नसतो. पण मी बाजूला बसूनच राहिलो, तर तिला येतं का नाही, हे मला तरी कसं कळणार?"

आम्ही स्कूटीपाशी आलो. ऋतुजा पुढं बसली, दाजी मागं. सवयीनं त्यांचे हात हँडलकडे गेले आणि अर्ध्यावर थांबले. मग ते खाली उतरले.

"तू हो पुढं. मी एसटीनं येतो."

"खरंच, दादा?" पोरीलाही आता बापाचा संशय आला होता.

"जा म्हणलं ना!"

ती गेली. रस्त्यावर ते एकटं डोकं दिसेनासं होईपर्यंत दाजी जागचे हलले नाहीत. माझे डोळे भरून आले होते, ते दाजींनी पाहू नये म्हणून मी तोंड फिरवलं. पण त्यांचं लक्षच नव्हतं.

"पाव्हणं," ते डोळे पुसत म्हणाले, "एसटी मुरुडलाच जाती ना नक्की? दोघातिघांला इचारून या."